भिंतीकडेचे रुखटमाटे

आमच्या घरात कपबशी कधी ओट्याच्या कडेला ठेवत नसत. ठेवली तर ती आपली आपण सरकत जाऊन खाली पडायची. घरामागच्या भिंतीपलीकडे फोर्जिंगची कंपनी होती. तिथला मोठा हॅमर तापलेल्या लोखंडावर पडला की आधी जमीन हलायची, मग ओटा, मग कप. पाहुणे दचकायचे आणि आम्ही चहा पीत राहायचो. तळवड्यात कंपन्या येत गेल्या तसे आमच्या रानाचे तुकडे पडत गेले. शेवटी उरलं ते घर आणि त्याच्यामागे दीड गुंठ्याची पट्टी. पट्टीच्या पश्चिमेला कंपनीची दहा फुटी भिंत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच हॅमरवर होते. उभी हयात त्यांनी तिथे काढली. घरातून निघायचं, भिंतीला वळसा घालून गेटातून आत शिरायचं आणि शिफ्ट सुटली की तोच वळसा घालून परत यायचं. त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग आईचं पुटपुटणं गेलं (आई म्हणायची, बरंच झालं), शेवटी आमच्या हाकाही गेल्या. आई वारली तेव्हा मी मोठ्यांदा रडत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघून मी काय म्हणतेय ते वाचायचा प्रयत्न करत होते. मी काहीच म्हणत नव्हते.

त्यांना बोलवायचं असलं की आम्ही फरशीवर दोनदा पाय आपटतो. कानांचं काम त्यांच्या पायांनी आणि तळहातांनी उचललंय. कोण आलं तेही त्यांना तसंच कळतं. मी आले की मान न वळवता म्हणतात, "आलीस व्हय." माझा धाकटा भाऊ आला की म्हणतात, "टाच घासत चालू नगं." यात त्यांची चूक झालेली मला आठवत नाही.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. लग्न करून गेले होते, परत आले. तो विषय इथला नाही. माझं काम म्हणजे बनून आलेला जॉब, म्हणजे मशीनचा सुटा भाग, मापात आहे की नाही ते बघणं आणि नसेल तर लाल टॅग लावणं. स्वभावही तसाच झालाय, असं भाऊ म्हणतो. नव्या ट्रेनी पोरापोरींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: जॉबवर हात ठेवून रीडिंग घ्यायचं नाही. हात आधी काढायचा. हात लावलेला जॉब खोटं बोलतो. हे मी इतक्यांदा सांगितलंय की पोरं मागे माझी नक्कल करतात.

रुखटमाटे आमच्याकडे आले ते कंपनीच्या वॉचमनमुळे. तो पार पूर्वेकडच्या डोंगरातला. आप्पांना ऐकू येत नव्हतं आणि त्याला मराठी येत नव्हतं, तरी दोघांचं छान जमायचं. एकदा तो गावाहून परतला तेव्हा त्याच्या पिशवीत अंड्याएवढी, लालबुंद, लांब देठाची फळं होती. आमच्या अंगणात बसून त्यानं काडीनं मातीत लिहून दाखवलं: रूख टमाटर. झाडाचा टोमॅटो. आप्पांना भलताच आनंद झाला, कारण आमच्या गावातली म्हातारी माणसं झाडाला रूखच म्हणायची. "बघ," ते मला म्हणाले, "कुठला कुठला मानूस, अन् रुखाला रूखच म्हनतो." तेव्हापासून घरात त्या फळांचं नाव रुखटमाटे.

आप्पांनी बिया धुऊन, राखेत वाळवून दुधाच्या पिशव्यांमध्ये लावल्या. पाच रोपं भिंतीच्या कडेपासून घराकडे अशी ओळीनं गेली. दुपारनंतर भिंतीची सावली पडते, म्हणून तिथे. आपल्याकडचं ऊन या झाडाला सोसत नाही. पानं तळहाताहून मोठी, बदामाच्या आकाराची. पान चुरगळलं की दिवसभर बादलीत राहिलेल्या ओल्या कपड्यांचा वास येतो. एक रोप पावसात गेलं. बुडाशी दोन दिवस पाणी साचलं आणि तिसऱ्या दिवशी ते उभ्या उभ्या सुकलं. दुसरं माझ्यामुळे गेलं. मी त्याच्या खोडाला दोरी बांधून ओली चादर वाळत टाकली आणि झाड कडकन मधोमध मोडलं. दिसायला दणकट, पण आतून भेंडीच्या देठासारखं. आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठिसूळ असतं ते. हात लावायचा तर जपून."

उरली तीन. छातीएवढी झाल्यावर आप्पांनी त्यांचे शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरताना फुलं आली, बारीक, गुलाबीसर पांढरी, झुपक्यानं लोंबणारी. वॉचमननं बोटांनी झुपक्याला टिचकी मारून दाखवली. या फुलाचा पराग आतल्या आत कोंडलेला असतो, हलवल्याशिवाय सांडत नाही. त्याच्या गावाकडे एक जाडा भुंगा ते काम करतो आणि भुंगा नसला तर माणसं फांद्या हलवतात. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं आणि हसले.

"आपल्याला न्हाई हलवायला लागायचं," ते म्हणाले. "आपला हॅमर हाय की."

आणि खरंच तसं होतं. हॅमर पडला की सगळे झुपके एकदम शहारायचे. खाली बाही धरली तर तिच्यावर पिवळी धूळ बसायची. त्या वर्षी तिन्ही झाडांना फळ धरलं. कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही, फळ कुजतं, असं आप्पांचं ठाम मत. बोट दुमडून, पेरानं दाखवायचं. लालभडक लोखंड चिमट्यात धरून उलटंपालटं करणारा हा माणूस काकडीपुढे आणि टमाट्यापुढे बोट दुमडायचा. मी हसायचे, पण बोट मीही दुमडायचेच.

फळं माघ-फाल्गुनात पिकली. रंग देठापर्यंत चढला की देठाला मध्ये एक गाठ असते तिथे अंगठा टेकवायचा आणि फळ वरच्या अंगाला उचलायचं. टक् करून सुटतं. देठासकट आलं तर पंधरा दिवस टिकतं, देठ फळावरून निघाला तर दोन दिवसांत पाणी सुटतं. साल कडू असते. विस्तवावर भाजून साल काढायची आणि लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. टोमॅटोचा आंबटपणा, त्याच्यामागे चिंचेसारखं काहीतरी आणि शेवटी जिभेवर एक कडवट रेघ. भावानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, "धड टमाटा न्हाई, धड फळ न्हाई." आप्पांना ते ओठांवरून कळलं. त्याच्या ताटातली चटणी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

अशी तीन वर्षं गेली. आप्पा रिटायर झाले, पण खुर्ची टाकून झाडांपाशी बसायचे आणि हॅमर कसा चाललाय ते तळव्यांनी ऐकायचे. "आज नवा मानूस हाय. मारतोय बघ कसा, घाबरून."

मग कंपनी हलली. चाकणच्याही पुढे कुठेतरी मोठी जागा घेतली म्हणे. आठवडाभर ट्रेलर येत-जात होते आणि एका सकाळी भिंतीपलीकडे काहीही नव्हतं. मी मुद्दाम कप ओट्याच्या कडेला ठेवला. तो तिथेच राहिला. संध्याकाळी कामावरून आले तरी तिथेच. मला त्या कपाची चक्क भीती वाटली. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे अशी शांतता आम्हाला फक्त गुरुवारची माहीत होती. आता रोजच गुरुवार आला.

त्या वर्षी फुलं आली आणि सगळी गळली. झाडांखाली गुलाबी सडा पडायचा. आप्पा तो रोज झाडून काढायचे, एका कोपऱ्यात ढीग करायचे आणि त्याकडे बघत बसायचे. खाणं कमी झालं. बोलणं तर आधीच कमी होतं.

भाऊ रहाटणीला फ्लॅटमध्ये राहतो, पाचव्या मजल्यावर. प्लॉटिंगच्या धंद्यात आहे, बरं चाललंय. तो वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्याला तिथे खोल्या दिसतात. "ताई, पट्टीवर चार खोल्या काढू. आप्पांना मी घेऊन जातो. लिफ्ट आहे, नातवंडं आहेत, इथे एकटे बसून काय करणार?" तू दिवसभर कामावर असतेस, हे तो बोलला नाही, पण ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, "पाचव्या मजल्यावर त्यांच्या पायांना काय कळणार? तिथे त्यांचे पायही बहिरे होतील." तो म्हणाला, "तू काहीही बोलतेस."

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, फुलं नुकती फुटत होती तेव्हा, एका सकाळी आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या ताठ झाले. उजवा तळहात मधल्या झाडाच्या खोडावर टेकलेला होता.

"चालू झाला," ते म्हणाले.

मी ओठ हलवून विचारलं, काय?

"हॅमर. आनला वाटतं परत."

मी जमिनीवर पाय रोवून उभी राहिले. काही नव्हतं. ओट्यावरचा कप पाहून आले. तोही जागच्या जागी. पण आप्पांचा चेहरा असा फुलला होता की मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आंघोळ, चहा, खुर्ची, हात झाडावर आणि मग: "चालू झाला." गुरुवारीही. मी पाटीवर लिहून विचारलं, सुट्टीच्या दिवशी कसा? ते म्हणाले, "ओव्हरटाइम असंल. ऑर्डर मोठी दिसती. लई जलद चाललाय."

भावाच्या कानावर हे गेलंच. तो आला आणि आप्पांसमोरच, त्यांना ओठ दिसू नयेत म्हणून पाठ करून, मला म्हणाला, "ताई, याला भास म्हणतात. आता त्यांना एकटं ठेवायचं नाही." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या माणसाचे पाय कधी चुकले नाहीत. काहीतरी हलत असणार. तो म्हणाला, "ठीक आहे. हॅमर असेल तर फळ धरेल. धरलं तर मी खोल्यांचं नाव काढणार नाही आणि आप्पा इथेच राहतील. नाही धरलं तर त्यांना घेऊन जाणार." मी हो म्हटलं. रागाच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतो.

मग मी रोज सकाळी झाडं तपासू लागले, लाइनवर जॉब तपासावेत तशी. भिंतीलगतच्या झाडाची फुलं गळत होती. घराकडच्या झाडाचीही गळत होती. मधल्या झाडाची गळत नव्हती. पाकळ्या झडून मागे हिरवे मणी उरत होते, आधी दोन-चार, मग झुपकेच्या झुपके. एकच पाणी, एकच माती, हातभर अंतर, आणि फळ धरत होतं ते फक्त मधल्या झाडाला.

गल्लीतल्या काकूंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुडाशी लिंबू, हळदकुंकू आणि उलटा ठेवलेला नारळ. "रिकाम्या शेडात काय बाय राहतं, बाई," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर त्या हॅमरवर माणसं झिजली. मशीन गेली, पण समदी माणसं गेली असतील कशावरून?" मी त्यांना हसले. नारळ उचलून ठेवला, पण फोडायची हिंमत झाली नाही.

त्या गुरुवारी मी भिंतीला वळसा घालून शेडमध्ये गेले. गेट नुसतं लोटलेलं होतं. भर सकाळची वेळ, पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सळया उतरलेल्या. हॅमर होता तिथे आता चौकोनी खड्डा आणि त्यात पावसाचं काळं पाणी. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहिले. जमीन जरा जरी हलली असती तरी त्या पाण्यावर वलय उठलं असतं. अर्धा तास उभी होते. पाण्यावर एक माशी बसली होती, तिचे पाय टेकले तिथले खळगेसुद्धा दिसत होते. दुसरं काही हललं नाही.

घरी आले तर आप्पा खुर्चीत, हात झाडावर. मान न वळवता म्हणाले, "आलीस व्हय. आज काय चाललाय बघ! गेला अर्धा तास नुसता दणका."

त्यांच्या बाहीवर पिवळी धूळ बसली होती.  मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात खोडावर ठेवला. आणि मला कळलं. सालीखालून काहीतरी येत होतं. बारीक, सारखं, न थांबता. ठकठकठकठक. मी हात काढून घेतला. वरचे झुपके थरथरत होते आणि वारा नव्हता.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी काकूंचा नारळ फोडला.

पण माझं सगळं आयुष्य मापात गेलंय. दोन दिवसांनी भीती ओसरली आणि तिच्या जागी हट्ट आला. माझ्याकडे कंपनीतून बाद झालेला एक जुना डायल होता. घड्याळासारखी गोल तबकडी, तिला खाली एक पिन. पिन वस्तूला टेकवली की केसाएवढी हालचालही काट्यावर दिसते. त्याला लोहचुंबकाचा स्टँड असतो, आणि झाडांपाशी कपडे धुवायला आम्ही हॅमरची एक जुनी, भंगारातली डाय टाकलेली आहे, दीड हात लांबीचा अखंड पोलादी ठोकळा. पुढच्या गुरुवारी सकाळी आप्पा खुर्चीत बसले, हात झाडावर ठेवला आणि "चालू झाला" म्हणाले. मी स्टँड त्या डायवर चिकटवला, पिन खोडाला टेकवली.

काटा नाचायला लागला.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच ओरडले. भावाला व्हिडिओ कॉल लावला. "बघ! बघ डोळे उघडून! हा काय भास आहे? डायलला भास होतात का?" फोन काट्यासमोर धरला. काटा शून्याच्या या बाजूला, त्या बाजूला, सारखा, एका लयीत. भावानं फोन डोळ्यांशी आणला. मला वाटलं, जिरली.

मग तो हळूच म्हणाला, "ताई. आप्पांना हात काढायला सांग."

मी ऐकलं आणि मला ते कळायला थोडा वेळ लागला. शेकडो पोरांना मी जे पहिल्या दिवशी सांगते ते मला प्लॉट विकणारा माझा भाऊ सांगत होता. मी दोनदा पाय आपटला. आप्पांनी पाहिलं. मी खूण केली: हात काढा.

त्यांनी हात उचलला. काटा शून्यावर येऊन थांबला. झुपके थांबले. आणि आप्पांचा हात हवेत, गुडघ्यापासून वीतभर वर, तसाच चालू होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत, बारीक, सारखी, न थांबता.

मी फोन बंद केला. इतके महिने तो हात मी झाडावर, खुर्चीवर, मांडीवर पाहिला होता. माझ्या नजरेला केसाएवढा फरक दिसतो म्हणून मला पगार मिळतो.

पिंपरीतले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आपलं बोट पुढे धरलं आणि खुणेनं सांगितलं: याला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. आप्पांनी हात पुढे केला, पण बोट दुमडलेलं. डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं, पुन्हा दुमडलेलंच. तिसऱ्यांदा मी पाटीवर लिहिलं, बोट सरळ. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "कोवळं पोर हाय गं ते. त्याला कशाला सरळ बोट दाखवायचं?" मी हसले आणि हसता हसता जिन्यात रडले.

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: कंपवात. आप्पांनी ते रिक्षात लावून लावून वाचलं. "कंप... कंप..." पुढचं अक्षर येईपर्यंत त्यांना तो शब्द कंपनी वाटला. मग पूर्ण वाचला, घडी करून खिशात ठेवला. "निम्मा शब्द तर कंपनीचाच हाय," ते म्हणाले. झाडाचं आणि हाताचं मी त्यांना काहीच सांगितलं नाही. भावानंही नाही. त्यानं उलट शब्द पाळला. "फळ धरलंय ताई," तो म्हणाला, "कशानं का धरेना."

त्या फाल्गुनात मधलं झाड इतकं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तोडणी करताना मला बरं वाटत नव्हतं. एकेक फळ टक् करून सुटायचं आणि मनात यायचं, हे त्यांच्या हातातून आलंय. हात जेवढा बिघडला तेवढं पीक. भावानं त्या वर्षी दोन डबे चटणी नेली आणि म्हणे सगळी खाल्ली. भिंतीलगतच्या झाडालाही एक फळ लागलं होतं. एकच, भिंतीच्या अंगाला, पानाआड. तिथे कुणाचा हात पोचत नव्हता, आणि ते कशानं धरलं हे मला आजही सांगता येत नाही. ते मी तोडलं नाही. आपोआप गळू दिलं.

गोळ्या लागू पडल्या. वैशाखापर्यंत हात बराच शांत झाला. आम्ही डॉक्टरांना पेढे दिले. आणि एका सकाळी आप्पांनी झाडावर हात ठेवला, बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "बंद पडला."

दुसऱ्या दिवशी हात ठेवला, काढला. तिसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आणलीच नाही. पावसाळा सरला, फुलं आली, मधल्या झाडाखालीही गुलाबी सडा पडू लागला. आप्पांनी तो झाडलाही नाही. घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गोळ्या कमी करायचा विचार माझ्या मनात आला, हे मी इथे लिहून ठेवते. एका रात्रीपुरता आला आणि मला माझीच किळस आली. मग एका बुधवारी आप्पा स्वतःच म्हणाले, "त्याला फोन कर. येतो म्हनावं रहाटणीला. आता हितं काय हाय?" स्वतःच्या हातानं पिशवी भरली. दोन धोतरं, टॉवेल, गोळ्या, डॉक्टरांचा तो कागद.

गुरुवारी अकरापर्यंत भाऊ गाडी घेऊन येणार होता. सकाळी पिशवी ओसरीवर ठेवलेली. मी आप्पांची खुर्ची उचलून मधल्या झाडापाशी नेली आणि दोनदा पाय आपटला. ते आले. बसले. माझं मन राखायला हात खोडावर ठेवला आणि डोळे मिटले.

मी झाडामागे खाली बसले, त्यांना दिसणार नाही अशी, आणि बुडाशी खोड दोन्ही हातांत धरून हलवायला लागले. बारीक, सारखं. त्यांचा हात हलायचा तसं. ती लय मला पाठ होती. वर झुपके शहारले, पिवळी धूळ माझ्या केसांवर पडली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कपाळावरच्या आठ्या आधी ताणल्या, मग सुटल्या.

"चालू झाला," ते म्हणाले.

मी हलवत राहिले. मनगटं भरून आली तरी थांबायची भीती वाटत होती. थांबले की हॅमर बंद पडणार आणि अकरा वाजता गाडी येणार. उलट जोर वाढला. फांदी वर कुठेतरी करकरली.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. खोडावरचा हात खाली सरकला, माझ्या हातांपर्यंत आला आणि त्यांच्यावर टेकला.

"हळू हलव, पोरी," ते म्हणाले. "ठिसूळ असतं ते. अन् ती पिशवी आत नेऊन ठेव."